चिमटाबाई आणि गोचीड न लागलेला कुत्रा

माझ्या नणंदेसमोर माणसाने मान झाकून बसावं. उघडी मान दिसली की तिचा हात आपोआप तिकडे जातो. परवा आम्ही जेवायला बसलो होतो. माझा नवरा, म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, काहीतरी फार गंभीर सांगत होता. हिने मधेच त्याचा कान पुढे ओढून मागे पाहिलं. "तीळ आहे," म्हणाली आणि परत जेवायला लागली. तो तीळ जन्मापासून तिथेच आहे. पण तीळ आहे की गोचीड, हे रोज तपासून घेतलेलं बरं, असं तिचं म्हणणं.

ही कुत्र्यांना आंघोळी घालते. हौस म्हणून नाही, धंदाच आहे तिचा, आणि जोरात चालतो. गल्लीच्या टोकाला एका खोलीचं दुकान. आत कमरेइतक्या उंचीवर बांधलेली सिमेंटची टाकी, नळाला लावलेली निळी नळी, एक पत्र्याचं टेबल, आणि केस वाळवायचं एक यंत्र. ते सुरू झालं की अख्ख्या गल्लीतली मांजरं मुक्काम हलवतात. खिडकीत स्पिरिटची एक बाटली, त्यात बाईसाहेबांची कमाई, काढलेल्या गोचिड्या. काही तिळाएवढ्या, काही रक्त पिऊन वाटाण्यासारख्या टम्म. एकदा मी भाबडेपणाने विचारलं, "मिरे कशाला भिजत घातलेस गं?" त्यानंतर कितीतरी दिवस मला मिरे गेले नाहीत.

गळ्यात दोरीला चिमटा बांधलेला असतो, म्हणून गल्लीत हिला सगळे चिमटाबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तिला आवडतंही. हिच्यासाठी एकदा चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा दिसायला बरा, नोकरी बरी, आम्ही सगळे खूश. त्याने कौतुकाने आपल्या कुत्र्याचा फोटो दाखवला. हिने फोटो डोळ्याजवळ नेला, लांब नेला आणि म्हणाली, "याच्या कानात घोस लागलेत गोचिड्यांचे. ज्याला कुत्र्याच्या कानातलं दिसत नाही, त्याला बायकोच्या मनातलं काय दिसणार?" झालं. स्थळ आलं तसं गेलं. सासूबाई आठवडाभर माझ्यावर रागावल्या होत्या. का, ते मला अजून कळलेलं नाही.

गोचिडीचा विषय काढला की हिची कळी खुलते.

"वहिनी, गोचीड म्हणजे किडा नव्हे हं. कोळ्याची चुलतबहीण. आठ पाय. अंड्यातून निघते तेव्हा सहाच असतात, एकदा रक्त पिऊन कात टाकली की आणखी दोन फुटतात."

"आपल्याकडे दोनच असतात तरी मुलं घरात टिकत नाहीत," मी म्हटलं.

"ऐक तर. भिंतीवर, गवताच्या टोकावर चढून बसते. पुढचे दोन पाय असे वर करून, रिक्षाला हात दाखवल्यासारखे. तिचं नाक त्या पायांत असतं. कुणाचा श्वास जवळ आला, अंगाची ऊब जाणवली, की बसली रिक्षात. मग तोंड खुपसायचं, ते हलू नये म्हणून सिमेंट ओतायचं, दुखू नये म्हणून भूल द्यायची आणि निवांत प्यायचं."

"आपल्या दातवाल्या डॉक्टरपेक्षा बरी म्हणायची. भूल तरी देते."

"पोट भरलं की आपली आपण गळून पडते. मग एखाद्या फटीत जाते, हजारो अंडी घालते आणि मरते."

"आणि तिचा नवरा?"

"तो तिच्या शेजारी चिकटून असतो. लहानसा. फारसं काही करत नाही."

मी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पेपर वर केला.

काढायची रीतही ती आमच्याकडून तोंडपाठ करून घेते. काडीने चटका द्यायचा नाही, वर तेल ओतायचं नाही, बोटाने चिरडायचं तर मुळीच नाही. चिडली की पोटातली घाण उलटी कुत्र्याच्या रक्तात ओकते. कातडीला लागून चिमट्यात धरायची, सरळ ओढायची, बाटलीत टाकायची.

हिचा स्वतःचा एक कुत्रा आहे, पायपुस्या. कुणीतरी त्याला आंघोळीला म्हणून सोडून गेलं ते परत आलंच नाही. कोरडा केल्यावर तो दारातल्या पायपुसण्यासारखा दिसायला लागला, नाव तिथेच पडलं. आता म्हातारा झालाय. बाहेर जायचं नाव नाही. आमच्या घरात मागची खोली नणंदेची, तिच्या दारामागे एक खुंटी. दुकानातून आली की ती आपला रबरी अंगरखा आणि कामाची पॅन्ट तिथे लटकवते. त्या खुंटीच्या बरोबर खाली पायपुस्याचं अंथरूण. ते हलवलं तरी तो तोंडात धरून परत तिथेच आणतो. कपड्यांना हिचा वास येतो ना. हिच्या कपड्यांना काय वास येतो ते मी सांगत नाही, पण प्रेम आंधळं असतं म्हणतात तसं ते नाकानेही अधू असतं.

आता लाँड्रीवाला. त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही.

त्याचं दुकान हिच्या दुकानाला लागून, मधे एक भिंत. माणूस उंच, किडकिडीत, कायम पांढरी पॅन्ट घालणारा. त्या पॅन्टच्या घडीवर भाजी चिरता येईल. त्याचा कुत्रा मोठा, दांडगा, तांबूस रंगाचा, आणि मालकासारखाच इस्त्री केल्यासारखा. नाव साहेब. दर संध्याकाळी काउंटरवर पांढरी चादर अंथरून लाँड्रीवाला साहेबाला त्यावर उभा करतो आणि बारीक फणीने डोक्यापासून शेपटीपर्यंत विंचरतो. चादरीवर काळं काही पडलंय का ते बघतो. मानेवर औषधाचे थेंब वेळच्या वेळी. बोटांच्या बेचक्यातसुद्धा बॅटरी मारतो. माझ्या नणंदेला त्याने साहेबाला कधी हात लावू दिला नाही, आणि तिथेच पहिली ठिणगी पडली.

दुसरी पडली ती एका वकिलाच्या पांढऱ्या शर्टावरून. शर्टाच्या कॉलरवर एक गोचीड ऐटीत चालत होती. लाँड्रीवाला ती कागदावर घेऊन भिंतीपलीकडे आला.

"चिमटाबाई, ही तुमची."

"माझी? नाव लिहिलंय का तिच्यावर? तुमच्या साहेबाची असेल."

"साहेबाला आजवर एकही गोचीड लागलेली नाही."

"जगात असा कुत्रा नसतो हो!"

"ती तुमच्या कपड्यांवरून येते. दिवसभर कुत्री तुमच्या अंगावर झटकतात आणि तुम्ही तेच कपडे घालून गल्लीभर फिरता. रोज संध्याकाळी माझ्याकडे टाकत जा, गरम यंत्रात फिरवून देतो. त्या उष्णतेत एक वाचत नाही."

माणूस फुकट कपडे धुऊन देत होता. पण हिला काय ऐकू आलं? की आपण मळक्या आहोत. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नाही, मधे एवढी गरम इस्त्री असूनसुद्धा. हिने यंत्र लावलं की तो रेडिओ मोठा करतो. त्याने वाफ सोडली की ही खिडकी आपटते.

असं सगळं सुखाने चाललं होतं. एके दिवशी सकाळीच मागच्या खोलीतून आवाज आला, "वहिनी! चहा सांडलास आणि पुसलासही नाहीस!"

"मी तुझ्या खोलीत कशाला चहा सांडू? आणि मी बिनदुधाचा चहा पिते का कधी?"

दुकानात जायला कामाची पॅन्ट चढवलेली ती फरशी पुसत होती. पुसता पुसता थांबली. फडकं नाकाशी नेलं. मग पायपुस्याकडे वळली आणि त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. दोन दिवस तो जेवायला टाळाटाळ करत होता. ही म्हणत होती, रुसलाय, मी त्याला आंघोळ घातली म्हणून. त्या हिरड्या गुलाबी असायच्या. त्या दिवशी कागदासारख्या पांढऱ्याफटक होत्या.

तिने त्याला चादरीत गुंडाळून उचललं. मी पायात चप्पल सरकवत मागून धावले.

जनावरांची डॉक्टरीण तरुण आहे, बोलायला गोड, हातांनी चपळ. हिला मावशी म्हणते. तिने रक्ताचा थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि नणंदेलाही बघायला लावलं.

"मावशी, गोचिडीचा ताप. हे बारीक जंतू दिसतात ना, तांबड्या पेशींच्या आत? गोचिडीच्या लाळेतून शिरतात, पेशीत वाढतात आणि ती फोडून बाहेर येतात. फुटलेल्या रक्ताचा रंग लघवीतून जातो, म्हणून ती चहासारखी."

"पण याला गोचीड कुठून लागणार? हा घराबाहेर जात नाही. आमच्या घरात दुसरं जनावर नाही."

"आहे की, माझा नवरा," असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तिचा चेहरा बघून गिळलं.

डॉक्टरिणीने पायपुस्याचा पंजा उघडला. बेचक्यात बारीक, तिळापेक्षाही लहान गोचिड्या बसलेल्या. मग ती खाली वाकली आणि नणंदेच्या पॅन्टची दुमडलेली घडी उलगडली. आंघोळ घालताना पाणी लागू नये म्हणून ही पॅन्ट घोट्यावर दुमडते. त्या घडीत तसलीच पिल्लावळ, छान उबेला बसलेली, कुणाची तरी वाट बघत.

म्हणजे झालं असं होतं. गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांच्या गोचिड्या ही काढत होती आणि उरलेल्या पॅन्टच्या घडीत बसवून घरी आणत होती. खुंटीला लटकवत होती. आणि खाली हिचा वास घेत झोपलेला म्हातारा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

नणंदेने गळ्यातला चिमटा हातात घेतला आणि पायपुस्याच्या बेचक्यातली एकेक गोचीड काढायला लागली.

"इंजेक्शन दिलंय, त्याने जंतू मरतील," डॉक्टरीण म्हणाली. "पण तोवर तग धरायला अंगात रक्त हवं, आणि याच्यात फारसं उरलेलं नाही. आजच दुसऱ्या कुत्र्याचं द्यावं लागेल. मोठा, तरुण, तब्येतीने चांगला कुत्रा आणा. मात्र त्याला हा ताप कधी आलेला नको. जंतू रक्तात लपून राहतात, कुत्रा बरा दिसला तरी."

"एवढंच ना? अगं, अख्खं गाव माझ्या ओळखीचं आहे!" नणंदेच्या जिवात जीव आला आणि तिने फोन लावायला सुरुवात केली. शिंप्याचा काळू? त्याला मागच्या वर्षी हाच ताप होता. शाळेतल्या बाईंचा भाल्या? त्यालाही. बेकरीवाल्याचा दांडगोबा मालकाबरोबर पळत आला, पण काचेवरच्या थेंबात तेच पाहुणे निघाले. प्रत्येक वेळी मालक म्हणे, "चिमटाबाई, तुम्हीच तर काढल्या होत्या याच्या गोचिड्या, विसरलात का?"

शेवटी डॉक्टरीण हळूच म्हणाली, "मावशी, ज्यांना गोचिड्या लागतात तेच तुमच्याकडे येतात ना. कधीच न लागलेला कुत्रा आहे का ओळखीत?"

नणंदेने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. दोघींना तो ठाऊक होता.

"वहिनी, तू जा. तू बोलण्यात पटाईत आहेस."

"मी येते बरोबर. पण तोंड तुझंच उघडायचं."

आम्ही गेलो तेव्हा लाँड्रीवाला कुणाच्या तरी लग्नाचा कोट दाबत होता. एक जाडजूड बाई आपल्या पडद्यांसाठी थांबली होती. नणंद काउंटरशी उभी राहिली.

"पडदे हवेत?" त्याने मान वर न करता विचारलं.

"रक्त हवंय," ती म्हणाली.

पडदेवाली बाई दोन पावलं मागे सरकली.

मग हिने भडाभडा सगळं सांगितलं. लघवी, हिरड्या, पॅन्टची घडी, खुंटी. शेवटी म्हणाली, "तुम्ही सांगत होतात ते खरं होतं. माझ्या कपड्यांवरूनच येतात. वकिलाच्या शर्टावरची पण माझीच. आणि तुमच्या साहेबाला एकही लागलेली नाही, हेही खरं. एवढं मान्य करायला मला माझं म्हातारं मरणाच्या दारात न्यावं लागलं. हसायचं तर हसा, पण लवकर हसा."

तो हसला नाही. इस्त्री उभी केली आणि तिचं बटण बंद केलं. गिऱ्हाईक समोर असताना त्याने इस्त्री बंद केलेली गल्लीत कुणी पाहिली नव्हती.

"साहेब, चल. कामाला जायचंय," म्हणत त्याने पट्टा काढला. मग वळला. "पण चिमटाबाई, हे कपडे घालून माझ्या कुत्र्याशेजारी बसायचं नाही. आत जा, बदला. हे पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा, मी गरम यंत्रात टाकतो."

"बदलून घालू काय?"

दुकानात लोक कपडे टाकतात आणि न्यायला येत नाहीत, त्यांचा एक ढीग असतो. त्यात हिच्या मापाचं एकच निघालं, कुठल्याशा हॉटेलच्या दरवानाचा लांब लाल कोट. खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणं. हिने तो घातला, गुंड्या गळ्यापर्यंत लावल्या आणि भर रस्त्यातून ताठ मानेने निघाली. मागे साहेब, त्यामागे पांढरी पॅन्ट, शेवटी मी. रस्त्यात लोक बाजूला होत होते. एका म्हाताऱ्याने तर सलाम ठोकला. एरवी मी हसून लोळले असते. त्या दिवशी चालता चालता पोट दाबून धरलं, एवढंच.

साहेबाचा थेंब काचेवर स्वच्छ निघाला. दुसऱ्या तपासण्याही जमल्या. मग साहेब टेबलावर आडवा झाला आणि जणू दाढी करायला आल्यासारखा पडून राहिला. लाँड्रीवाल्याने त्याचं डोकं धरलं.

"घाबरू नकोस हं, साहेब. काही नाही. नुसतं टोचल्यासारखं. शहाणा मुलगा..."

नळीतून तांबडी रेघ पिशवीकडे निघाली आणि 'शहाणा मुलगा' म्हणता म्हणता लाँड्रीवालाच पांढऱ्या पॅन्टपेक्षा पांढरा झाला. नणंदेने त्याला काखेत हात घालून वेळेवर धरला. तो मोठ्या सन्मानाने दरवानाच्या झालरीवर मान टाकून बेशुद्ध पडला. साहेबाने एक डोळा उघडून मालकाकडे पाहिलं आणि परत मिटला.

"कुत्र्याला बिस्किट द्या," डॉक्टरीण म्हणाली, "आणि यांना साखरपाणी."

पिशवी पायपुस्याच्या वर टांगली. थेंब थेंब उतरायला लागली. तासाभराने त्याच्या हिरडीवर बोट दाबून सोडलं तर अगदी फिकी, पण गुलाबी छटा परत येत होती. डॉक्टरिणीने मात्र आम्हाला हुरळू दिलं नाही. "इंजेक्शन लागू पडलं नाही तर हे नवं रक्तसुद्धा फुटत राहील. लघवी साफ पिवळी झाली, की आपण जिंकलो. तोवर काही सांगता यायचं नाही."

पायपुस्या रात्री तिथेच राहिला. नणंद घरी आली, खुंटी उपटून टाकली, अंथरूण उकळत्या पाण्यात घातलं, खोलीतली प्रत्येक फट झाडली, औषध मारलं. "महिनोन् महिने उपाशी बसून वाट बघतात या," म्हणत होती. मी तिच्या हाताखाली केरसुणी घेऊन उभी होते. एक चेष्टा केली नाही. मलाही मन आहे.

सकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो, तर लाँड्रीवाला साहेबाला घेऊन आधीच हजर. नवी धुतलेली पांढरी पॅन्ट, तीच धारदार घडी. म्हणे, साहेबाला तपासायला आणलंय. साहेब मजेत शेपूट हलवत होता, त्याला काय धाड भरली होती!

डॉक्टरिणीने पायपुस्याला जमिनीवर ठेवलं. तो उभा राहिला. चारही पाय थरथरत होते, पण उभा राहिला. नणंद खाली बसली, हात पसरले, "ये रे माझ्या सोन्या." तो तिच्याकडे निघाला, मधे थांबला. खोलीभर नजर फिरवली. मग वळला, डुलत डुलत लाँड्रीवाल्यापाशी गेला, पांढऱ्या पॅन्टचा वास घेतला, आणि रात्रभर सलाईन चढलेल्या त्या म्हाताऱ्याने एक पाय वर केला.

"अरे! अरे!" लाँड्रीवाला मागे सरायला लागला.

"हलू नका!" डॉक्टरीण किंचाळली. "कुणीही हलू नका!"

तो जागच्या जागी पुतळा झाला. डॉक्टरीण गुडघ्यावर बसली. नणंद रांगत आली. मीही चष्मा पुसून वाकले. आणि आम्ही तिघी बायका त्या सभ्य गृहस्थाच्या पोटरीला नाक लावून बघत राहिलो. अशा कामाला इतकी पांढरी, इतकी स्वच्छ धुतलेली पॅन्ट दुसरी मिळाली नसती. चहाचा मागमूस नव्हता. पिवळी. सुंदर, फिकी, लिंबाच्या सरबतासारखी पिवळी.

"जिंकलो," डॉक्टरीण म्हणाली.

नणंद फरशीवरच बसली आणि पायपुस्याच्या मानेत तोंड खुपसून हमसाहमशी रडायला लागली. रडता रडता हसत होती. लाँड्रीवाला एक पाय लांब धरून उभा होता.

"दाखवून झालं असेल," तो म्हणाला, "तर आता ही पॅन्ट बदलायला जाऊ का?"

"थांबा," नणंद नाक पुसत म्हणाली. "मी धुऊन देते."

"तुम्ही?" तो दचकला. "नको नको! तुम्ही फक्त कुत्री धुवा."

आणि मग तो असा काही हसला की साहेबसुद्धा मान तिरकी करून मालकाकडे बघतच राहिला. त्यानेही हे पहिल्यांदाच पाहिलं असावं.